दुरुस्ती नसलेलं रोडबुक

लग्न ठरवताना माणूस मुलगी बघतो, फार तर सासऱ्यांचा स्वभाव बघतो. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोण आहे, याची चौकशी कोणी करत नाही. मीही केली नाही. म्हणून गेली अकरा वर्षं, वर्षातल्या एका रविवारी, मी कुठल्यातरी आडरस्त्यावर घडीची खुर्ची टाकून, डोक्यावर क्लबची टोपी घालून आणि समोर एक भलंमोठं घड्याळ मांडून मोटारींची वाट बघत बसतो. माझं औषधांचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, एवढाच माझा गुन्हा.

आमचे साडूभाऊ आमच्या मोटार रॅलीचं रोडबुक लिहितात. रॅली म्हटल्यावर लोकांना धूळ, वेग आणि उलटलेल्या गाड्या आठवतात. आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्या रॅलीत गाडी ठरवून दिलेल्या वेगानेच चालवायची असते, आणि तो वेग साधारण सासरी निघालेल्या माणसाचा असतो. वाटेतल्या वेळ नोंदवायच्या ठाण्यावर मिनिटभर उशिरा आलात तर एक गुण गेला, मिनिटभर लवकर आलात तर दोन गेले. थोडक्यात, अडतीस चांगल्या गाड्या घेऊन अडतीस चांगली माणसं दिवसभर हळू जायचा प्रयत्न करतात, आणि आम्ही पंचवीस-तीस स्वयंसेवक उन्हात बसून त्यांना ते जमलं की नाही ते लिहून ठेवतो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, झेंडा दाखवतात. घड्याळं जुळवून द्यायला एक इलेक्ट्रिशियन आहे. सगळे हौसेने आलेले आहेत असं म्हणायची पद्धत आहे.

गाडीवाल्यांना रस्ता कोणता ते आधी सांगत नाहीत. निघायच्या तासभर आधी त्यांच्या हातात रोडबुक पडतं. त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं: खाली ठिपका म्हणजे तुम्ही, वर बाण म्हणजे जायचं तिकडे. शेजारी अंतर, दहा मीटरपर्यंत अचूक. ते पुस्तक म्हणजे त्या दिवसापुरता कायदा. आणि तो कायदा लिहिणारा एकच माणूस.

साडूभाऊंनी आयुष्यभर जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी केली. भाऊ-भाऊ भांडत असायचे आणि हे मधोमध साखळी धरून उभे असायचे. दोन्हीकडून शिव्या खायच्या आणि आकडा सांगायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे असेल, पण एकदा सांगितलेला आकडा मागे घेणं त्यांच्या रक्तातच नाही. क्लबात त्यांना पाठीमागे ‘सेंटिमीटर’ म्हणतात. त्यांच्या घरी गेलो की दारातच विचारतात, ‘‘काय औषधवाले, कोणत्या रस्त्याने आलात?’’ मी सांगितलं की मान हलवतात, ‘‘तीनशे मीटर जास्त आलात.’’ मी त्यांच्याकडे पोचलो याचं त्यांना कौतुक नसतं, तीनशे मीटरांचं दुःख असतं.

रोडबुकासाठी ते तीन महिने आधी कामाला लागतात. चारही चाकांतली हवा एकसारखी करायची, ती स्वतःच्या पंपाने, कारण पेट्रोल पंपावरच्या मुलाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. मग सगळा रस्ता तीनदा फिरायचा. पहिल्यांदा बघायला, दुसऱ्यांदा मोजायला, तिसऱ्यांदा स्वतःवर संशय घ्यायला. मात्र तिसऱ्या फेरीत त्यांना स्वतःवर संशय येण्यासारखं काही सापडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. पुस्तकात चूक निघाली तर त्यासाठी एक साधी सोय असते. पिवळ्या कागदावर दुरुस्तीपत्रक काढायचं, खाली लिहिणाऱ्याने सही करायची, आणि सुरुवातीच्या मैदानात फलकावर लावायचं. गाडीवाले ते वाचतात, आपल्या पुस्तकात खाडाखोड करतात, कोणालाही काही वाटत नाही. अशी पत्रकं सगळीकडे निघतात. शेजारच्या क्लबाने तर एका वर्षी अकरा काढली, आणि तरी संध्याकाळी त्यांचे लोक एकमेकांच्या गळ्यात हात घालून फोटो काढत होते.

आमच्याकडे एकोणीस वर्षांत एकही नाही. फलकावर त्यासाठी जागा राखून ठेवलेली असते, वर नीट अक्षरात ‘दुरुस्ती’ असं लिहिलेलं, आणि खाली कोरी फळी. दरवर्षी बक्षीस समारंभात दातांचे डॉक्टर त्या फळीचा उल्लेख करतात. मग टाळ्या पडतात, आणि साडूभाऊ अर्धवट उठून परत बसतात. वर्षभरात त्यांच्या वाट्याला येणारं सुख म्हणजे ते अर्धवट उठणं.

या सगळ्यात ताईचं काम काय, ते सांगायला हवं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची बायको. पुस्तक छापायला जाण्याआधी ती टेबलाशी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचते, आणि समोर साडूभाऊ आपल्या वहीतून ताडून ‘बरोबर’ म्हणतात. साडेतीनशे ओळी, साडेतीनशे वेळा ‘बरोबर’. मी एकदा चेष्टेने म्हटलं, ‘‘ताई, घरात एवढ्या वेळा बरोबर ठरणाऱ्या माणसाबरोबर राहायचं म्हणजे अवघडच.’’ ती म्हणाली, ‘‘सवय होते.’’

तीस-एक वर्षांपूर्वी ताईला शेजारच्या गावच्या कॉलेजातून ग्रंथपालाच्या जागेचं पत्र आलं होतं. तिने त्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं, मुलाखत दिलेली, आणि पत्र हातात. घरी विषय निघाला तेव्हा साडूभाऊ जेवत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘एकसष्ट किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे बावीस. रोजचं जमणार नाही.’’ मोजणी खात्यातल्या माणसाने आकडा सांगितल्यावर पुढे बोलायचं काय? ताईने नकाराचं पत्र लिहिलं. नंतर तिने शेजारच्या मुलांचे अभ्यास घेतले, घरातली पुस्तकं विषयवार लावली, वाण्याच्या दुकानात खोकीसुद्धा ती अक्षरांच्या क्रमाने लावून द्यायची असं माझी बायको सांगते. बायको हे हसत सांगायला लागते आणि मध्येच गप्प होते.

सहा वर्षांपूर्वी रॅलीचा पहिला टप्पा नेमका त्या गावाला गेला. सुरुवात नेहमीप्रमाणे साडूभाऊंच्या घरामागच्या मैदानातून. वाचनाच्या दिवशी मी आणि बायको दोघंही तिथेच होतो, मी चहा घेत होतो. ताई वाचत होती. वाचता वाचता ती एका ओळीपाशी आली आणि म्हणाली, ‘‘कॉलेजचं फाटक डावीकडे. एकूण अंतर अडतीस पूर्णांक चार.’’

जुन्या खाणीवरून एक रस्ता जात होता. तो तीस वर्षांपूर्वीही होता. साडूभाऊंनी तेव्हा तो बघितलाच नव्हता. जन्मभर लोकांच्या बांधांवर वीतभर जागेसाठी चार-चार दिवस घालवणाऱ्या माणसाने एकदाच न मोजता आकडा सांगितला, तो स्वतःच्या घरात.

ताई थांबली. तिने पानावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. साडूभाऊंनी वहीत बोट ठेवलं, आकडा बघितला आणि म्हणाले, ‘‘बरोबर. पुढे?’’

ती पुढची ओळ वाचायला लागली. त्यांना तेव्हा काही आठवलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ताई वाट बघत होती, हे आम्हाला दोघांनाही दिसलं. तेव्हापासून ती वाटच बघते आहे. आमच्या घरात सगळ्यांना हे माहीत आहे, आणि सगळे मूग गिळून बसलेले आहेत.

तर या वर्षीची गोष्ट. गुरुवारी दुपारी मी माझ्या ठाण्याची जागा बघायला निघालो. ठाणेवाल्यांना पूर्ण पुस्तक देत नाहीत, फक्त आपल्या ठाण्याच्या आसपासचं पान देतात. मी स्कूटर घेतली आणि पानाबरहुकूम निघालो. त्रेसष्टाव्या ओळीत तिठा होता: खाली ठिपका, वर डावीकडे बाण. मी डावीकडे वळलो. गल्ली अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंनी कुंपण आलं, आणि शेवटी रस्ता एका लोखंडी फाटकाशी संपला. आत गुलाबाची रोपं. फाटकावर लिहिलं होतं: ‘रोपवाटिका. हॉर्न वाजवू नये.’

मी साडूभाऊंना फोन लावला. ‘‘भाऊ, तुमच्या पुस्तकाप्रमाणे मी आत्ता गुलाबांत उभा आहे.’’

‘‘तुम्ही चुकलात,’’ ते म्हणाले.

‘‘पानावर डावीकडे लिहिलंय.’’

‘‘मग डावीकडेच असणार. परत मागे जा, नीट बघा.’’

मी मागे गेलो, नीट बघितलं, आणि परत गुलाबांत आलो. मग ते स्वतः आले, गाडी घेऊन. पान मांडीवर, चष्मा नाकावर. तिठ्यावर थांबले, पान बघितलं, डावीकडे वळले आणि येऊन माझ्या स्कूटरच्या मागे उभे राहिले. बराच वेळ गाडीतून उतरलेच नाहीत. इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

काय झालं होतं, ते त्यांनीच मग सांगितलं, पण दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. तिसऱ्या फेरीच्या वेळी अलीकडचा पूल दुरुस्तीला निघाला होता. म्हणून त्यांनी तो टप्पा उलट्या बाजूने तपासला, पलीकडून अलीकडे. उलटं येताना त्या तिठ्यावर गाडी डावीकडे वळली. वहीत बघतात तर उजवीकडे. त्यांनी काट मारून डावीकडे केलं. म्हणजे ओळ मुळात बरोबर होती, त्यांनी ती तपासून चुकीची केली. पुढे ताईने डावीकडे वाचलं, यांनी वहीत डावीकडे बघितलं, आणि ‘बरोबर’ म्हणून मोकळे झाले.

‘‘असू दे,’’ मी म्हटलं. ‘‘अजून तीन दिवस आहेत. एक पिवळा कागद काढा, सही करा, झालं.’’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चुकीचं औषध दिलंय. मग ते उतरले आणि फाटकाच्या सळ्यांतून आत बघायला लागले. आत रुंद वाट होती, मातीच्या ट्रॉल्या जाव्यात एवढी. ते टाचा उंचावून बघत राहिले.

‘‘मागे गेट असेल,’’ ते म्हणाले.

‘‘असेल. त्याचं काय?’’

‘‘उजवीकडचा रस्ता वळसा घालून मागच्या रस्त्याला मिळतो. गेट तिकडे उघडत असेल, तर डावीकडे जाऊनही गाडी तिथेच पोचते.’’

मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी फाटकाला टेकलो. एक ओळ सुधारावी लागू नये म्हणून हा माणूस एका बाईच्या बागेतून रस्ता काढायला निघाला होता.

बाई आतून आल्या. साठीच्या असतील, डोक्यावर मोठी टोपी, हातात छाटणीची कात्री. त्या पूर्वी कोर्टात लघुलेखक होत्या. बत्तीस वर्षं लोकांच्या साक्षी शब्दाला शब्द उतरवून घेतल्या होत्या. निवृत्त झाल्यावर रोपं लावली, कारण ती बोलत नाहीत असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. साडूभाऊंनी रॅलीचं महत्त्व सांगितलं, क्लबाची परंपरा सांगितली, अडतीस गाड्या अगदी हळू जातील म्हणून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘पण माझ्याकडे कशासाठी येणार त्या?’’

‘‘पुस्तकात तसं आलंय.’’

‘‘आलंय? पुस्तक कोणी लिहिलं?’’

‘‘लिहिलं मीच. पण त्याचं असं झालं, पूल दुरुस्तीला निघाला…’’

‘‘म्हणजे पुलाने लिहिलं?’’

मला हसू आलं, ते मी खोकून दाबलं. साडूभाऊ म्हणाले, नजरचूक असावी. बाई म्हणाल्या, असावी म्हणजे आहे की नाही? ते म्हणाले, अशा कामात एखादी गोष्ट राहून जाते. बाई म्हणाल्या, ती आपली आपण राहून गेली का? ते म्हणाले, छापखान्यातही घाई होती. बाईंनी कात्री दुसऱ्या हातात घेतली.

‘‘हे बघा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वाट रुंद आहे, मागे गेटही आहे. शनिवारी तुमची माणसं येऊन दोनशे कुंड्या बाजूला ठेवणार असतील, आणि सोमवारी परत जागच्या जागी लावणार असतील, तर माझी हरकत नाही. रविवारी इकडे कुत्रं फिरकत नाही, तेवढीच गंमत. फक्त मला एकदा सरळ सांगा की कोणाची चूक झाली. बत्तीस वर्षं मी लिहीत होते. चूक घडली, चूक राहिली, चूक असू शकेल. स्वतःची झाली म्हणणारी माणसं मी बोटांवर मोजावीत एवढी पाहिली. मला ऐकायचं आहे.’’

आता घोडं पेंड खाणार, असं मला वाटलं. मी मनात म्हटलं, झालं, परत जाऊन पिवळा कागद आणावा लागणार. ताईबरोबर चौतीस वर्षं काढून ज्याच्या तोंडून हे निघालं नाही, तो या अनोळखी बाईसमोर काय बोलणार? मी स्कूटरची किल्लीसुद्धा काढली.

साडूभाऊंनी एकदा मागच्या गेटच्या दिशेने बघितलं. डोळ्यांनीच अंतर घेतलं असावं.

‘‘माझी चूक झाली,’’ ते म्हणाले.

स्पष्ट, मोठ्याने, आकडा सांगावा तसे म्हणाले. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. आणि लगेच, बाई काही बोलायच्या आत, त्यांनी विचारलं, ‘‘मागचं गेट रुंदीला किती आहे?’’

ते दहा फूट निघाले. साडूभाऊंनी कुंड्यांमधून फीत टाकत अंतर मोजलं: चारशे दहा मीटर. बाहेरच्या वळशाने चारशे तीस. फक्त वीस मीटरांचा फरक. ‘‘एवढं तर चाकातल्या हवेत जातं,’’ ते म्हणाले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताचा आनंद झाला, हे कबूल करायला पाहिजे.

शनिवारी आम्ही दोनशे कुंड्या हलवल्या. दातांचे डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, मी आणि आणखी चार जण. साडूभाऊंनी त्यांना सांगितलं होतं की या वर्षी गाडीवाल्यांसाठी एक नवीन गंमत ठेवली आहे. डॉक्टरांची कंबर धरली, तरी ते म्हणत होते, ‘‘सेंटिमीटरला सुचतं कुठून, कळत नाही.’’ मला कळत होतं, पण मी कानावर हात ठेवले. बाई एका खुर्चीवर बसून कुंड्यांचे नंबर वहीत लिहून घेत होत्या. शब्दाला शब्द, कुंडीला कुंडी.

रविवारी सगळं छान झालं. एकेक गाडी गुलाबांमधून पायी चालल्यासारखी येत होती, मागच्या गेटातून बाहेर पडून माझ्या ठाण्यावर थांबत होती, आणि आत बसलेली माणसं हसत होती. एक बाई उतरून म्हणाली, असली रॅली मी कधीच केली नाही. एकाने विचारलं, ही कल्पना कोणाची? मी त्याच्या कार्डावर वेळ लिहिली आणि पुढे जायला सांगितलं. संध्याकाळी समारंभात डॉक्टरांनी दोन गोष्टींचा खास उल्लेख केला. पहिली रोपवाटिकेतला टप्पा. दुसरी, विसाव्या वर्षीही दुरुस्तीची फळी कोरीच. टाळ्या बराच वेळ चालल्या. साडूभाऊ अर्धवट उठले, आणि या वेळी पूर्ण उभे राहिले.

माझी चूक अशी झाली, की गुरुवारची गोष्ट मी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितली होती. मला वाटलं होतं ती पोट धरून हसेल. पुलाने लिहिलं का, तिथपर्यंत ती हसलीसुद्धा. शेवटचं वाक्य ऐकल्यावर तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. ‘‘त्या बाईला म्हणाले?’’ तिने विचारलं. ‘‘नावसुद्धा माहीत नसलेल्या?’’ मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. बहिणीशी फोनवर बोलायचं असलं की ती दार लोटते.

सोमवारी सकाळी साडेदहाला ताई दुकानात आली. साडूभाऊंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच नेते. दोन गिऱ्हाइकं होती, ती बाजूला थांबली, खोकल्याच्या औषधांची मांडणी बघत राहिली. एक बाटली दुसऱ्या रांगेत गेली होती, ती तिने उचलून जागेवर ठेवली. गिऱ्हाइकं गेल्यावर काउंटरशी आली.

‘‘साडूभाऊ खूश असतील,’’ मी म्हटलं. उगाचच.

‘‘हो. काल दोनदा जेवण वाढून घेतलं.’’ तिने चिठ्ठी पुढे केली. ‘‘तुम्ही होतात ना तिथे, गुरुवारी?’’

‘‘होतो.’’

‘‘खरंच म्हणाले?’’

‘‘म्हणाले.’’

‘‘पुटपुटले असतील.’’

‘‘नाही. स्पष्ट म्हणाले. मोठ्याने.’’

तिने पिशवीची घडी उलगडली. मी पाठ फिरवून गोळ्यांचं खोकं शोधायला लागलो. खोकं समोरच होतं, तरी मी शोधत राहिलो.

‘‘कसं म्हणाले?’’ तिने विचारलं.

मी वळलो, आणि मला वाटलं आता प्रसंग हलका करावा. साडूभाऊंसारखा चष्मा नाकावर ओढला, हनुवटी वर केली आणि त्यांच्या आवाजात म्हटलं, ‘‘माझी चूक झाली. मागचं गेट रुंदीला किती आहे?’’

ताई हसली नाही.

‘‘गेटचं नको,’’ ती म्हणाली. ‘‘आणि नक्कल नको. नुसतं म्हणा. जसं म्हणाले तसं.’’

मला साडूभाऊंचा असा राग आला की विचारू नका. त्या बागेत दहा फुटी गेटासाठी त्यांनी जे फेकून दिलं होतं, ते उचलून इथे आणायचं काम माझ्यावर आलं होतं, आणि मी कोण? मी गोळ्या विकणारा माणूस. पण ती काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी होती, शाळेतल्या मुलीसारखी, आणि वाट बघत होती. मी चष्मा सरळ केला.

‘‘माझी चूक झाली,’’ मी म्हटलं.

ताई माझ्या खांद्यावरून मागच्या फळ्यांकडे बघत होती. दारात कोणीतरी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, हातात चिठ्ठी घेऊन. मी त्याला हाताने थांबायला सांगितलं.

‘‘आणखी एकदा.’’

‘‘माझी चूक झाली.’’

तिने मान हलवली, अगदी थोडी.

‘‘असू द्या आता,’’ ती म्हणाली. मग तिने गोळ्या पिशवीत टाकल्या, दारातल्या माणसाला वाट करून दिली आणि घरी गेली.